पहिलं महाग घड्याळ आणि परत विकण्याचा हिशेब

प्रश्न: मी ३४ वर्षांची. गेली पाच वर्षं दर महिन्याला थोडे थोडे पैसे बाजूला टाकून एका चांगल्या यांत्रिक घड्याळापुरती रक्कम जमवली आहे. घड्याळ रोज वापरायचं आहे, कपाटात ठेवायचं नाही. पण एवढे पैसे मनगटावर बांधायचे म्हणजे धाकधूक होतेच. उद्या अडचण आली तर विकता यावं आणि फार तोटा होऊ नये, एवढीच माझी अट आहे. भाऊ म्हणतो, सोन्याचं घे, सोनं बुडत नाही. मैत्रीण म्हणते, रोलेक्स सबमरीनरच घे, अधिकृत दुकानात मिळत नसलं तर बाहेरून दीडपट देऊन घे, पुढे भाव वाढणारच. एका दुकानातला विक्रेता हिरे जडवलेल्या क्रोनोग्राफवर (थांबघड्याळाची सोय असलेल्या घड्याळावर) चाळीस टक्के सूट देतोय आणि ‘ही गुंतवणूक आहे’ असं सांगतोय. माझं मनगट बारीक आहे, जेमतेम पंधरा सेंटिमीटर. कोणाचं ऐकू? आणि घड्याळ घेतल्यावर त्यावरचं प्लास्टिक काढायचं की तसंच ठेवायचं?

उत्तर: पाच वर्षं थेंबे थेंबे साठवलेले पैसे आहेत, त्यामुळे तुमच्या धाकधुकीचं मला अजिबात नवल वाटत नाही. तुमची अटही शहाणपणाची आहे. ‘भाव वाढेल का’ असं तुम्ही विचारलेलं नाही, ‘फार तोटा होऊ नये’ एवढंच म्हटलंय. तिन्ही सल्ले देणारे मात्र नेमके भाव वाढण्याबद्दल बोलतायत. म्हणून त्या तिघांचंही न ऐकता तुमच्या स्वतःच्याच अटीला धरून राहा, असं मी सुचवेन.

आधी एक छोटा हिशेब मांडू. एखाद्या घड्याळाची कंपनीने छापलेली किंमत १०० धरा. तुमच्या मैत्रिणीच्या सल्ल्याने तुम्ही ते बाहेरून १५० ला घेतलंत. तीन वर्षांनी जुन्या घड्याळांच्या बाजारात त्याला ११० मिळू लागले. आता ज्या बाईने तेच घड्याळ अधिकृत दुकानात नंबर लावून १०० ला घेतलं असेल ती सांगेल की माझे पैसे टिकले, वर दहा मिळाले. तुमचे मात्र चाळीस गेले. घड्याळ एकच, कंपनी एकच, वर्षंही तेवढीच. फरक फक्त तुम्ही किती मोजले यात आहे. ‘अमुक घड्याळ किंमत टिकवतं’ हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. कोणत्या भावाने घेतल्यावर टिकवतं, हे पुढे विचारायलाच हवं.

या हिशेबातला दुसरा आकडा लोक विसरतात. तुम्हाला इंटरनेटवर जो भाव दिसतो तो मागणारा भाव असतो, मिळालेला नव्हे. जाहिरातीत ११० लिहिलेलं घड्याळ तुम्ही व्यापाऱ्याकडे विकायला नेलंत तर तो ९० किंवा ९५ देईल. मधल्या पैशांत त्याची तपासणी, दुरुस्ती, हमी, दुकानाचा खर्च आणि नफा बसवायचा असतो. यात लबाडी नाही, धंदा असाच चालतो. थेट गिऱ्हाईक शोधलंत तर जास्त मिळेल, पण मग विश्वास पटवणं, वाट बघणं आणि फसवणुकीची जोखीम तुमच्याकडे येते. आपण काय गमावणार आहोत याचा अंदाज बांधताना कायम व्यापारी मला आज रोख किती देईल हाच आकडा धरा. दोन-तीन ठिकाणी नुसतं विचारून या. घड्याळ घेण्याआधीच विचारा, विकायची वेळ आल्यावर नको.

आता सबमरीनर. मैत्रिणीचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. रोलेक्सची पोलादी घड्याळं जुन्या बाजारात बाकी बहुतेकांपेक्षा चांगला भाव धरतात, आणि त्याची कारणं साधी आहेत. सबमरीनर १९५३ साली आलं. तेव्हाचं आणि आजचं शेजारी ठेवलंत तर नवख्या माणसालाही एकाच घराण्यातली दिसतील. कंपनी रूप फार हळू बदलते, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचं घड्याळ जुनाट वाटत नाही. सुटे भाग मिळतात, दुरुस्ती होते. नाव जगभर माहीत असल्यामुळे गिऱ्हाईक कुठेही सापडतं. शिवाय कंपनीची मालकी शेअर बाजारात नाही. संस्थापक हान्स विल्सडॉर्फ यांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या प्रतिष्ठानाकडे ती आहे. दर तिमाहीला विक्रीचे आकडे फुगवून दाखवायची सक्ती नाही, म्हणून हंगाम संपला की माल सवलतीत काढून टाकायची घाईही नाही. नव्या घड्याळावर जिथे सूट मिळत नाही तिथे जुन्याचा भाव आपोआप सावरलेला राहतो.

पण दीडपट देऊन? नको. २०२० ते २०२२ या काळात असे दीडपट-दुप्पट देणारे लोक मी जवळून पाहिले. व्याजदर खाली होते, लोकांच्या हातात पैसा होता, घरबसल्या सगळे घड्याळांचे व्यापारी झाले होते. पाटेक फिलिप या स्विस कंपनीने २०२१ मध्ये नॉटिलसचं ५७११ हे पोलादी मॉडेल बंद करायचं ठरवलं आणि त्याचे भाव मूळ किमतीच्या कित्येक पट वर गेले. २०२२ च्या वसंतात बाजाराने माथा गाठला, आणि मग घसरण लागली ती महिनोन्‌महिने. कंपनीच्या भावाने ज्यांनी घेतलं होतं त्यांचं काहीच बिघडलं नाही. माथ्यावर घेणाऱ्यांनी हात पोळून घेतले. ‘पुढे वाढणारच’ हे वाक्य तेव्हा रोज ऐकू यायचं.

कुठलं घड्याळ पुढे वर जाईल हे आधी कळतं, यावर माझा विश्वास नाही, आणि त्याला कारण रोलेक्सचंच डेटोना आहे. १९६३ साली आलेलं हे चावीचं क्रोनोग्राफ त्या काळात फारसं खपत नसे. त्यातल्या वेगळ्या नक्षीच्या तबकड्या तर दुकानांत पडून असायच्या. अभिनेते पॉल न्यूमन यांना त्यांच्या पत्नीने तसंच एक दिलं होतं, मागे ‘जपून चालव’ अशा अर्थाचे शब्द कोरून, कारण त्यांना मोटारींच्या शर्यतींचा नाद होता. तेच घड्याळ ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेलं. ज्या दुकानदारांनी त्या तबकड्या गिऱ्हाईक नाही म्हणून वर्षानुवर्षं शोकेसमध्ये ठेवल्या ते या धंद्यात मुरलेले लोक होते. त्यांना कळलं नाही, तर तुमच्या मैत्रिणीला किंवा मला कळेल असं मी कोणत्या तोंडाने सांगू?

आता भावाचा सल्ला. सोनं बुडत नाही हे खरं, पण सोन्याचं घड्याळ म्हणजे सोनं नव्हे. चांगल्या घड्याळाची केस, म्हणजे यंत्राभोवतीचं बाहेरचं कवच, बहुधा १८ कॅरटची असते, म्हणजे चार भागांत तीन भाग सोनं. नव्या घड्याळाला तुम्ही जे मोजता त्यात या धातूचा वाटा साधारणपणे लहान असतो. बाकी पैसे यंत्राचे, कारागिरीचे, नावाचे आणि दुकानाचे. विकताना सोन्याच्या वजनाचा भाव हा फक्त तळ असतो, आणि घड्याळ त्या तळापर्यंत जायला खूप उंचावरून पडावं लागतं. १९८० च्या सुमारास सोनं भडकलं तेव्हा कितीतरी जुन्या सोन्याच्या घड्याळांच्या केस वितळवल्या गेल्या आणि आतली शाबूत यंत्रं काढून टाकली गेली. ती गोष्ट आठवली की मला अजून वाईट वाटतं. सोनं मऊ असल्यामुळे रोजच्या वापरात त्यावर पोचे आणि ओरखडेही लवकर पडतात. तुम्हाला रोज वापरायचंय, धाकधुकीशिवाय वापरायचंय. पोलादच घ्या. भावाला सांगा की त्याचा मुद्दा दागिन्यांच्या बाबतीत मान्य आहे.

हिऱ्यांच्या क्रोनोग्राफबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथे मी स्वतः ठेचकाळलेली आहे. माझं पहिलं महाग घड्याळ असंच होतं. पोलाद आणि सोनं मिसळलेलं क्रोनोग्राफ, कड्यावर बारीक खडे, मोठी सूट, आणि विक्रेत्याचं गोड बोलणं. नाव प्रतिष्ठित होतं, घड्याळ अस्सल होतं, फसवणूक अशी कुठेच नव्हती. अडीच वर्षांनी मला पैशांची गरज पडली. दोन व्यापाऱ्यांनी बघून परत दिलं, भावही सांगितला नाही. तिसऱ्याने सांगितला तो मी मोजलेल्या पैशांच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी होता. त्याने कारणही नीट समजावलं, आणि त्या दिवशी मी जे शिकले तेच तुम्हाला सांगते. सूट देऊन विकलं जाणारं घड्याळ जुन्या बाजारात छापील किमतीवरून मोजलं जात नाही, सवलतीनंतरच्या किमतीवरून मोजलं जातं. तेच नवं सहाशे पावलांवर चाळीस टक्के सवलतीत मिळत असेल तर तुमचं वापरलेलं कोण जास्त देऊन घेईल? खडे जडवले की गिऱ्हाईक आणखी कमी होतं, कारण ती फार वैयक्तिक आवड असते. आणि खडे कंपनीने बसवलेले नसून नंतर बाहेरून बसवलेले असतील, तर जाणकार माणूस त्या घड्याळाला हातही लावत नाही. बसवताना मूळ केसला भोकं पाडलेली असतात, कंपनीचं सेवा केंद्रसुद्धा ते घड्याळ दुरुस्तीला नाकारू शकतं.

क्रोनोग्राफचा वेगळा खर्च आहे. थांबवायच्या-सोडायच्या यंत्रणेमुळे आत भाग जास्त, म्हणून सर्व्हिसिंग साध्या तीन काट्यांच्या घड्याळापेक्षा बरंच महाग. यांत्रिक घड्याळातलं तेल काळाने वाळतं, घट्ट होतं, आणि मग धातूवर धातू घासतो. उत्पादक साधारण पाच ते दहा वर्षांनी पूर्ण सर्व्हिसिंग करायला सांगतात. परत विकण्याचा हिशेब करताना हा खर्च तोट्यात धरायलाच हवा. दहा वर्षांनी घड्याळ घेतल्या भावाला गेलं तरी मधलं सर्व्हिसिंग, विमा आणि महागाई तुम्ही सोसलेली असते. विक्रेता ‘गुंतवणूक’ म्हणतो तेव्हा यातलं एकही नाव घेत नाही. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण हौसेचा खर्च तरी माहीत असावा. दर वर्षाला हे घड्याळ मला कितीला पडलं, असा प्रश्न स्वतःला विचारला की डोकं शांत राहतं. चांगल्या खरेदीत तो आकडा इतका लहान निघतो की आनंदाने सोसावा.

मग घ्यायचं कसं? नवीन घड्याळाचा सगळ्यात मोठा तोटा पहिल्या मालकाच्या वाट्याला येतो. दुकानाच्या दाराबाहेर पडताक्षणी ते ‘वापरलेलं’ होतं. छापील किमतीच्या वर विकली जाणारी मोजकी मॉडेलं सोडली तर हा नियम जवळजवळ सगळ्यांना लागू आहे, आणि तुमच्यासारख्या सावध माणसाला तोच फायद्याचा आहे. दोन-चार वर्षं वापरलेलं, नीट ठेवलेलं, कागदपत्रांसकट घड्याळ घेतलंत तर ती पहिली घसरण दुसऱ्या कोणीतरी सोसून झालेली असते. यानंतरचा उतार बराच सौम्य असतो. उदाहरण म्हणून ग्रँड सेको घ्या. १९६० पासूनचं जपानी नाव, काट्यांची आणि तबकडीची कारागिरी अशी की भिंगाखाली बघत बसावं. तरी त्यांची बरीच घड्याळं जुन्या बाजारात छापील किमतीच्या पुष्कळ खाली मिळतात. नवं घेणाऱ्याला ही वाईट बातमी आहे, पण वापरलेलं घेणाऱ्याला इतकं घड्याळ इतक्या पैशांत क्वचितच मिळेल. ओमेगाच्या स्पीडमास्टरचंही थोडंफार असंच आहे. १९५७ चं मॉडेल, १९६९ साली चंद्रावर गेलेलं, नाव मोठं, आणि तरी थोडी वाट बघितली तर वापरलेलं वाजवी भावात सापडतं. तुमच्या मनगटाला ते ४२ मिलिमीटरचं घड्याळ थोराड होईल, म्हणून मी त्यावर रेंगाळत नाही.

वापरलेलं म्हटलं की पहिली भीती नकली मालाची, आणि ती रास्त आहे. आजच्या चांगल्या नकला काचेतून बघून ओळखता येत नाहीत, कित्येकदा मागचं झाकण उघडल्याशिवाय कळत नाही. दुसरा धोका त्याहून छुपा: केस अस्सल, पण तबकडी किंवा काटे बाहेरचे, दोन-तीन घड्याळांचे भाग जुळवून केलेलं एक घड्याळ. म्हणून माझं ठाम म्हणणं आहे की पहिलं घड्याळ अनोळखी माणसाकडून, हॉटेलच्या लॉबीत भेटून, रोख पैसे देऊन घेऊ नका, भाव कितीही गोड असला तरी. ज्याचं दुकान आहे, जो लेखी पावती देतो, पावतीवर मॉडेल आणि अनुक्रमांक लिहितो, किमान वर्षभराची हमी देतो आणि अस्सल नसल्यास पैसे परत करायचं कबूल करतो, त्याला पाच-सात टक्के जास्त गेले तरी जाऊ द्या. काही कंपन्या आता स्वतःच जुनी घड्याळं तपासून विकायला देतात. रोलेक्सने डिसेंबर २०२२ मध्ये अशी योजना सुरू केली. त्यात कंपनी अस्सलपणाची खात्री आणि दोन वर्षांची हमी देते. भाव चढा असतो, पण पहिल्यांदा घेणाऱ्याला झोप शांत लागते. बाकी कुठूनही घेतलंत तर अनुक्रमांक वॉरंटी कार्डाशी स्वतः ताडून बघा आणि ते घड्याळ चोरीचं नाही ना, हे तपासा. लंडनच्या ‘द वॉच रजिस्टर’कडे हरवलेल्या आणि चोरीच्या घड्याळांच्या क्रमांकांची नोंद असते, शुल्क भरून शोध घेता येतो. चोरीचं घड्याळ तुमच्याकडून काढून घेतलं गेलं तर हमी आणि भाव या गोष्टी बोलायलाही उरत नाहीत.

‘बॉक्स-पेपर’ हा शब्द तुम्ही ऐकला असेल. डबा सजावटीचा असतो, कागद महत्त्वाचे. वॉरंटी कार्ड, मूळ पावती, सर्व्हिसिंगची बिलं. ही असली की पुढच्या गिऱ्हाइकाला घड्याळाचा जन्म आणि आजवरचा प्रवास दिसतो, आणि त्या भरवशाचे तो पैसे मोजतो. मूळ कार्ड हरवलं तर कंपन्या सहसा दुसरं काढून देत नाहीत.

पॉलिशबद्दल तर मला विशेष कळकळीने सांगायचंय. माझ्याकडे १९६० च्या दशकातलं एक चावीचं घड्याळ होतं. यंत्र मंद झालं म्हणून दुरुस्तीला दिलं आणि ‘जरा स्वच्छ करा’ असं मोघम बोलून आले. परत आलं ते लखलखीत. पट्टा जिथे बसतो त्या लगच्या धारदार कडा पॉलिशने गोल होऊन गेल्या होत्या आणि पिवळसर झालेली जुनी तबकडी काढून त्या जागी नवी रंगवलेली बसवली होती. माणसाने प्रेमाने केलं होतं, पण घड्याळाचा चेहराच गेला, आणि जुनी तबकडी मागायला गेले तेव्हा ती टाकून दिलेली होती. केसवरून घासून काढलेला धातू पुन्हा भरता येत नाही. जाणकार गिऱ्हाइकाला ओरखडे असलेली मूळ केस चालते, गुळगुळीत केलेली चालत नाही. तुम्ही वापरलेलं घ्याल तेव्हा कडा बघा. चकचकीत आणि खरखरीत पृष्ठभाग जिथे मिळतात ती रेघ सुरीसारखी आहे का, ते बघा. आणि तुमचं घड्याळ सर्व्हिसिंगला द्याल तेव्हा ‘पॉलिश करू नये, बदललेले भाग परत द्यावेत’ असं पावतीवर लिहून घ्या.

आता तुमचं मनगट, ज्याचा उल्लेख तुम्ही जाता जाता केलात, पण निवड त्याच्यावरच ठरेल. बायकांसाठी म्हणून जे विकलं जातं, म्हणजे अगदी छोटी तबकडी, बॅटरीवर चालणारं क्वार्ट्झ यंत्र, खडे आणि मोत्याच्या शिंपल्याची चकाकी, त्याचा जुन्या बाजारातला भाव बहुतेक वेळा पडेल असतो. दुसरीकडे ४१-४२ मिलिमीटरची नावाजलेली घड्याळं भाव धरतात, पण पंधरा सेंटिमीटरच्या मनगटावर लग दोन्ही बाजूंनी बाहेर येतात, आणि जे घड्याळ टोचतं ते ड्रॉवरमध्ये जातं. सुदैवाने या दोन्हींच्या मधली जागा आहे आणि ती सध्या चांगली भरलेली आहे: ३४ ते ३७ मिलिमीटर. ही घड्याळं बायका आणि पुरुष दोघंही घेतात, म्हणजे विकताना तुमचं गिऱ्हाईक दुप्पट. नुसता व्यास बघू नका, वरच्या लगच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा. ते मनगटाच्या सपाट भागापेक्षा जास्त नको. आणि दुकानात घड्याळ घालून दहा मिनिटं तसंच बसा, फोन बघा, हात टेबलावर टेका.

नावंच विचाराल तर माझ्या मनात तीन आहेत. पहिलं रोलेक्स एक्सप्लोरर. १९५३ साली, एव्हरेस्ट सर झालं त्या वर्षी आलेलं. साधी काळी तबकडी, ३, ६, ९ चे आकडे, तारीख नाही. मधे काही वर्षं ते ३९ मिलिमीटरचं झालं होतं, २०२१ मध्ये कंपनीने ते पुन्हा मूळच्या ३६ वर आणलं. सबमरीनरइतकी झुंबड त्यामागे नाही, म्हणून छापील किमतीला मिळण्याची आशा जास्त. अधिकृत दुकानात जाऊन नाव नोंदवा, रोज वापरायला हवंय हे खरं तेच सांगा. ‘आधी हे दुसरं घ्या, मग ते देऊ’ असं कोणी सुचवलं तर नम्रपणे उठून या, कारण त्या दुसऱ्या वस्तूवर होणारा तोटा शेवटी एक्सप्लोररच्याच किमतीत मोजायचा असतो.

दुसरं ट्यूडर ब्लॅक बे ५४. ट्यूडर हे विल्सडॉर्फ यांनीच काढलेलं धाकटं नाव. हे मॉडेल २०२३ मध्ये आलं, ३७ मिलिमीटर, पाण्याला न घाबरणारं, आणि किंमत थोरल्या भावाच्या मानाने कितीतरी उतरती. रोलेक्सएवढा भाव ते धरत नाही, पण मुळात रक्कमच लहान असल्यामुळे उतरलं तरी तुमचे एकूण कमी पैसे जातात. टक्क्यांवर भाळून लोक हे विसरतात.

तिसरं कार्टिए सँटोस, मधल्या आकाराचं. मूळ कल्पना १९०४ ची, वैमानिक अल्बेर्तो सांतोस-द्युमाँ यांना उडताना खिशातलं घड्याळ काढता येत नव्हतं म्हणून. २०१८ पासूनच्या घडणीत पट्टा हाताने बदलता येतो. चौकोनी आहे, त्यामुळे आवडलं तरच घ्यावं. कार्टिएचंच टँक मला स्वतःला अधिक आवडतं, पण ते पाण्यापासून जपावं लागतं, आणि तुम्ही रोज वापरणार आहात.

तुमच्या जागी मी असते तर एक्सप्लोररसाठी नाव नोंदवून वर्षभर थांबले असते. तेवढ्यात मिळालं नाही, तर दोन-तीन वर्षं वापरलेलं सँटोस किंवा ब्लॅक बे ५४, ज्याने मनगटावर जास्त आनंद दिला ते, कागदांसकट भरवशाच्या दुकानातून घेतलं असतं, आणि जमवलेल्या रकमेतला दहावा हिस्सा विम्याला आणि पहिल्या सर्व्हिसिंगला बाजूला ठेवला असता. तुम्ही पाच वर्षं थांबलात, एक वर्ष तुम्हाला जड जाणार नाही. कर्ज काढून किंवा अडीअडचणीसाठी ठेवलेल्या पैशांना हात लावून मात्र घेऊ नका. ज्याला तातडीने विकावं लागतं त्याला भाव पाडूनच मिळतो, मग घड्याळ कुठलंही असो.

राहिलं प्लास्टिक. दुकानातच काढून टाका. पट्ट्यावरची आणि झाकणावरची ती पातळ फिल्म ठेवल्याने भाव वाढतो हा समज जुना आहे. रोजच्या वापरात तिच्याखाली घाम आणि मळ साचतो, आणि कडा उचकटल्या की घड्याळ बापुडं दिसतं. तुमचं मनगट बारीक असल्यामुळे दुकानदार पट्ट्याच्या तीन-चार कड्या काढून देईल. त्या कुठेतरी पडून जातात, आणि विकताना जाड मनगटाचं गिऱ्हाईक आलं की तेवढ्यासाठी सौदा अडतो, कारण सुट्या कड्या कंपनीकडून घ्यायला महाग पडतात. त्या एका पाकिटात घालून, वर मॉडेल लिहून, वॉरंटी कार्डाबरोबर डब्यात ठेवा. घड्याळ मनगटावर राहू द्या.